डेबियन १२ चं टेम्प्लेट मुक्त प्रकल्पात पाठवताना : नाशिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाऊससाठी ती वजन आणि लेबल छपाईची यंत्रणा बनवते. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या पॅकहाऊसमध्ये तिचं सॉफ्टवेअर चालतं. काट्यावर पेटी ठेवली की वजन संगणकात येतं, त्याला प्लॉटचा नोंदणी क्रमांक जोडला जातो आणि बारकोडचं लेबल बाहेर पडतं. युरोपला जाणाऱ्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत लागला पाहिजे. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट प्रणाली त्यासाठीच आहे. त्यामुळे पॅकहाऊसमधलं हे मशीन बंद पडलं की पॅकिंगची अख्खी लाइन थांबते.

कंपनीने प्रत्येक पॅकहाऊसला एक साधा सर्व्हर दिला आहे. त्यावर केव्हीएम, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याची लिनक्समधली सोय, आणि केव्हीएमवर एकच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तो आभासी संगणक. डेटाबेस, अॅप सगळं त्याच्या आत. गावातली वीज, धूळ, उन्हाळा यात हार्डवेअर कधी ना कधी जातंच. तेव्हा दुसरा सर्व्हर नेऊन ठेवायचा, व्हर्च्युअल मशीन त्यावर चढवायचं आणि काम चालू करायचं, असा हिशेब.

ही व्हर्च्युअल मशीन बनवायला कंपनी एका मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पातली टेम्प्लेट वापरत होती. टेम्प्लेट म्हणजे तयार मशीन नव्हे, मशीन बनवण्याच्या लेखी सूचना. पॅकर हे साधन त्या सूचना वाचतं, लिनक्सची आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची सीडी) उतरवतं, क्यूईएमयू या आभासी संगणक चालवणाऱ्या साधनात रिकामं मशीन सुरू करतं आणि माणूस कीबोर्डवर टाइप करतो तशा कळा इन्स्टॉलरला पाठवतं. भाषा, डिस्क, वापरकर्ता या प्रश्नांची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहिलेली असतात. पॅकर ती फाइल स्वतःच्याच छोट्या वेब सर्व्हरवरून इन्स्टॉलरला देतं. शेवटी हातात येते क्यूकाऊ२ प्रकारची डिस्क इमेज, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची तयार डिस्क एका फाइलमध्ये. आज बनवा किंवा सहा महिन्यांनी, त्याच सूचनांवरून तसंच मशीन तयार व्हायला हवं.

मी या कामात बाहेरचा सल्लागार म्हणून होतो. कंपनी, प्रकल्प आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. काम मुख्यतः दोघांनी केलं: एक अनुभवी टीम लीड आणि तिच्या हाताखाली नव्यानेच रुजू झालेला एक अभियंता.

अडचण

सगळी पॅकहाऊसं सेंटओएस ७ या लिनक्सच्या वितरणावर होती. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली, म्हणजे दुरुस्त्या येणं थांबलं. तारीख सगळ्यांना माहीत होती, पण संपलेल्या मुदतीने काम अडतं म्हणजे नेमकं काय होतं ते जुलैत कळलं. एका नव्या पॅकहाऊससाठी इमेज बनवायला घेतली आणि पॅकर अर्ध्यात थांबलं. यम अपडेटच्या, म्हणजे पॅकेजं ताजी करण्याच्या, पायरीवर लाल अक्षरात मिररलिस्टचा (पॅकेजं कुठून उतरवायची त्या यादीचा) पत्ताच सापडत नसल्याचा संदेश. तो सर्व्हर बंद झाला होता. व्हॉल्ट या सेंटओएसच्या संग्रहात जुनी पॅकेजं ठेवलेली आहेत, तिकडे पत्ता वळवला की बिल्ड पूर्ण होते, पण तिथे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणार नाहीत.

प्रकल्पात त्या वेळी केव्हीएमसाठी सेंटओएस ७, अल्मालिनक्स ८ आणि उबंटूची टेम्प्लेट होती. डेबियन १२ हे लिनक्सचंच दुसरं वितरण नव्हतं, अल्मालिनक्स ९ नव्हतं. आणि वेळेचं बंधन पक्कं होतं. जानेवारीत द्राक्षाचा हंगाम उघडतो आणि एप्रिलपर्यंत पॅकहाऊसमधल्या कुठल्याही मशीनला कोणी हात लावू देत नाही. जे बदलायचं ते डिसेंबरअखेर बदलायचं.

समोरचे पर्याय

व्हॉल्टवर तग धरून हंगाम काढणं हा पहिला पर्याय. टीम लीडने तो लगेच बाजूला ठेवला. पॅकहाऊसची मशीन इंटरनेटला जोडलेली असतात, दुरुस्त्या बंद झालेलं मशीन तिथे ठेवणं तिला मान्य नव्हतं.

दुसरा: एक मशीन हाताने नीट बसवायचं आणि त्याच्या प्रती काढायच्या. या रस्त्याचा कंपनीला अनुभव होता. पूर्वी कधीतरी उबंटूच्या हाताने बसवलेल्या मशीनच्या दोन प्रती चाचणीच्या टेबलावर शेजारी चालू केल्या, तर दोघींना एकच आयपी पत्ता मिळाला. एकीला जोडलं की दुसरीचं कनेक्शन तुटायचं. मॅक पत्ते, म्हणजे नेटवर्क कार्डांचे क्रमांक, वेगळे असूनही. कारण असं की उबंटू सर्व्हरमधलं नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी स्वतःची ओळख डीएचसीपीला (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला) सांगताना मॅक पत्ता देत नाही, मशीन-आयडी या मशीनच्या ओळख क्रमांकावरून काढलेला क्रमांक देतं. आणि प्रत काढताना मशीन-आयडीचीही प्रत निघते. हे कळेपर्यंत स्विच, केबल, राउटर सगळं बदलून झालं होतं. हातच्या मशीनमध्ये असं काय काय दडलंय ते कुठेच लिहिलेलं नसतं.

तिसरा पर्याय मीच सुचवला होता: डेबियन स्वतःच्या क्लाउड इमेज (आधीच बसवलेल्या डिस्क इमेज) प्रसिद्ध करतं, त्या घ्याव्यात. चांगल्या असतात, बहुतेकांना त्या पुरतात. इथे दोन गोष्टी आड आल्या. डेबियनची जेनेरिकक्लाउड ही इमेज लहान ठेवण्यासाठी तिच्यातून भौतिक हार्डवेअरचे ड्रायव्हर वगळतात. इथे तर वजनकाट्याची सिरियल वायर यूएसबी कन्व्हर्टरमधून व्हर्च्युअल मशीनच्या आत न्यायची होती. त्यावर जेनेरिक नावाची मोठी इमेज हा उपाय होता. पण डेटाबेससाठी व्हार फोल्डर (लॉग आणि डेटा राहतो तो) डिस्कच्या वेगळ्या विभागात हवं होतं, म्हणजे लॉग वाढून डिस्क भरली तरी मूळ सिस्टम तरते. क्लाउड इमेजमध्ये सगळं एकाच विभागात येतं. तेव्हा इन्स्टॉलरपासून बनवणारं टेम्प्लेटच लागणार हे ठरलं.

उरला प्रश्न हा: ते टेम्प्लेट स्वतःपुरतं ठेवायचं की प्रकल्पात पाठवायचं?

पहिला निर्णय: पाठवायचं का?

स्वतःची वेगळी प्रत ठेवणं सोपं होतं. कोणाला विचारायला नको, कोणी नावं ठेवायला नको. पण प्रकल्पाच्या सामाईक स्क्रिप्ट दर काही महिन्यांनी बदलत. वेगळी प्रत ठेवली की प्रत्येक बदल हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा, आणि आपलं टेम्प्लेट मोडलं की एकट्यानेच शोधत बसायचं. टेम्प्लेट मुख्य प्रकल्पात असेल तर तिथली सामाईक स्क्रिप्ट बदलणाऱ्याला आपलं टेम्प्लेटही डोळ्यासमोर ठेवावं लागतं. दोन-तीन वर्षांचा विचार केला तर पाठवण्यातच फायदा, असं टीम लीडचं मत होतं. माझंही.

मालकांची परवानगी मात्र लागणार होती. ही औपचारिकता नव्हती. स्वामित्वाचा कायदा लांबची गोष्ट वाटते, पण प्रतिलिप्यधिकार कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामात कर्मचाऱ्याने लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो. आणि प्रकल्पाची अट अशी की प्रत्येक कमिटखाली (बदलाच्या नोंदीखाली) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ हवी. तिचा अर्थ, हे पाठवण्याचा मला अधिकार आहे असं मी लेखी सांगतो. मालकांचा होकार नसताना ती ओळ लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं.

मालक मूळचे द्राक्ष बागायतदारांच्या घरातले. बैठकीत त्यांनी सरळ विचारलं, “आपण पगार देऊन केलेलं काम फुकट वाटायचं?”

“सर, आपलं म्हणावं असं त्यात काही ठेवणारच नाही,” टीम लीड म्हणाली. “काट्याचा कोड, लेबल, डेटाबेस सगळं आपल्याकडेच. जाणार फक्त साधं डेबियन.”

“मग त्याचा आपल्याला उपयोग काय?”

“आपलं सगळं त्याच्यावरच उभं राहणार आहे. ते नीट राहिलं पाहिजे, आणि ते एकट्याने सांभाळायला आपल्याकडे माणसं नाहीत.”

मालक थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे डॉगरिजचा खुंट सगळ्यांचा, कलम आपलं.” डॉगरिज हा द्राक्षाचा खुंट, त्यावर हव्या त्या वाणाचं कलम बांधतात. पुढचे सगळे वाद याच वाक्याने सोपे झाले. काय पाठवायचं, काय ठेवायचं असा प्रश्न आला की दोघं विचारत, हा खुंट की कलम?

त्यांनी दोन अटी घातल्या. कुठल्याही पॅकहाऊसचं नाव, पत्ता किंवा आयपी बाहेर जाता कामा नये, आणि कमिट कंपनीच्या ईमेलवरून व्हावेत. लेखी होकार दिला. पॅकरच्या परवान्याबद्दलही एक शंका निघाली, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये पॅकर बनवणाऱ्या हॅशीकॉर्पने ते काही वापरांवर बंधनं घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सखाली नेलं. पण पॅकर वापरून स्वतःची इमेज बनवायला त्याने आडकाठी येत नाही, आणि टेम्प्लेटचा परवाना प्रकल्पाचा स्वतःचा, मुक्त.

काय केलं

ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दोन टेम्प्लेट लिहिली गेली. डेबियन १२ नव्या अभियंत्याने, अल्मालिनक्स ९ टीम लीडने. कुठलं पॅकहाऊसला जास्त जमतं ते चालवून बघायचं, असा बेत.

डेबियनच्या बाजूला कटकटी छोट्या पण वेळखाऊ होत्या. इन्स्टॉलर शेवटच्या पायरीवर येऊन गप्प बसायचा. पॅकरची खिडकी नुसती वाट बघत राहायची. व्हीएनसी या दुरून पडदा बघण्याच्या साधनाने आत डोकावल्यावर दिसलं की ग्रब (मशीन बूट करणारा प्रोग्रॅम) कुठल्या डिस्कवर बसवायचं हा प्रश्न पडद्यावर उघडा आहे आणि उत्तर द्यायला कोणी नाही. उत्तरांच्या फाइलमध्ये ती एक ओळ घातली आणि बिल्ड पार पडली. दुसरी गोष्ट कळा पाठवण्याच्या वेळेची. अभियंत्याच्या जुन्या डेस्कटॉपवर बूट मेन्यू उशिरा उघडायचा, पॅकर त्याआधीच टाइप करून मोकळं व्हायचं आणि इन्स्टॉलर भाषा निवडण्याच्या पडद्यावर अडकायचा. थांबण्याची वेळ त्याने व्हेरिएबल, म्हणजे बाहेरून बदलता येईल अशी, केली. धीम्या मशीनवाल्याने ती वाढवावी.

अल्मालिनक्स ९ चा प्रश्न मोठा निघाला. टीम लीडच्या लॅपटॉपवर इमेज बनली, चाललीही. निफाडकडच्या एका पॅकहाऊसमध्ये चाचणीला नेली तर सुरू होताक्षणी कर्नल पॅनिक (सिस्टमच कोसळणं), आणि त्याच्या वर एक ओळ: ‘फेटल ग्लिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’. रेड हॅट ९ च्या घराण्यातल्या वितरणांना, अल्मालिनक्स ९ त्यातलंच, किमान व्ही२ पातळीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे ढोबळमानाने इंटेलचा २००८ नंतरचा नेहेलेम किंवा पुढचा. त्या पॅकहाऊसचा सर्व्हर तेवढा जुना नव्हता. पण व्हर्च्युअल मशीनची व्याख्या सेंटओएसच्या काळातली होती आणि तिच्यात प्रोसेसरचा प्रकार लिहिलेलाच नव्हता. तेव्हा क्यूईएमयू आपला क्यूईएमयू६४ हा प्रकार पुढे करतं. त्यात एसएसई४.२ किंवा पॉपकाउंट या सूचना नसतात, म्हणून आतल्या व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसर प्रत्यक्षापेक्षा म्हातारा दिसतो. लॅपटॉपवर ते चाललं, कारण टेम्प्लेटमध्ये प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ लिहिला होता.

व्याख्या बदलणं अवघड नव्हतं. पण काही पॅकहाऊसमध्ये अजून कोअर २ ड्युओवाली यंत्रं होती. त्यांच्यात व्ही२ खरोखरच नाही. डेबियन १२ ला ही अट नाही. पॅकहाऊससाठी डेबियन पक्कं झालं.

दुसरा निर्णय: दोन पाठवायची की एक?

अल्मालिनक्सचं टेम्प्लेट तयार होतं, चालत होतं. टीम लीडला ते पाठवायची इच्छा होती आणि ती समजण्यासारखी आहे. केलेलं काम कपाटात का ठेवायचं? ऑक्टोबरमध्ये दोन्ही एकाच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल प्रकल्पात घेण्याच्या विनंतीत, गेली.

प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर लांबलचक होतं, पण त्यातला मुख्य प्रश्न एका ओळीचा: हे तुम्ही स्वतः वापरता का आणि पुढची आवृत्ती आली की बदलणार कोण? डेबियनबद्दल उत्तर तयार होतं. अल्मालिनक्सबद्दल नव्हतं. कंपनीत ते कोणीच वापरणार नव्हतं, म्हणजे मोडलं तरी कोणाला कळणार नव्हतं.

टीम लीडने अल्मालिनक्स मागे घेतलं. ब्रँच (त्या कामाची वेगळी शाखा) स्वतःच्या खात्यावर उघडी ठेवली, प्रोसेसरच्या प्रकाराबद्दलची टीप नीट लिहिली आणि ज्याला लागेल त्याने इथून पुढे न्यावं असं प्रकल्पात नोंदवलं. या प्रकरणातला हा मला सगळ्यात पटलेला निर्णय. टेम्प्लेट स्वीकारलं गेलं की त्यावर लोक विसंबतात. ज्याच्या घरात ते रोज चालत नाही त्याने ते सांभाळण्याचा शब्द देऊ नये, मग ते कितीही चांगलं लिहिलेलं असो. पुढे दुसऱ्याच एका वापरकर्त्याने ती ब्रँच उचलली आणि आपल्या नावाने, मूळ श्रेय ठेवून, पाठवली.

मेंटेनरचे बाकीचे मुद्दे खुंट आणि कलमाचेच होते. वेळ भारतीय का, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) का नाही? मराठी टायपिंगसाठी आयबस आणि फॉन्ट सगळ्यांच्या मशीनमध्ये कशाला? वेगळ्या व्हार विभागाची इतरांना गरज काय? नवा अभियंता थोडा हिरमुसला. मराठी कीबोर्ड आपोआप मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती. पण पॅकहाऊसमधल्या मुलींना वाहनचालकाचं नाव मराठीत टाइप करायचं असतं ती गरज पॅकहाऊसची, टेम्प्लेटची नाही.

विभागांचा प्रश्न त्याने छान सोडवला. उत्तरांच्या फाइलचं नाव त्याने व्हेरिएबल केलं. काही न सांगितलं तर साधी, एकाच विभागाची फाइल वापरली जाते. ज्याला वेगळी रचना हवी त्याने आपली फाइल द्यावी. कंपनीची फाइल कंपनीकडे राहिली. मेंटेनरला ही कल्पना इतकी आवडली की उबंटूच्या टेम्प्लेटमध्येही ती पुढे आली.

तिसरा निर्णय: एसएसएचच्या किल्ल्या

इथे खरा वाद झाला, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

इमेज बंद करण्याआधी तिच्यातली ओळख पुसावी लागते. मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची. रिकामी फाइल दिसली की सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधल्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम, पहिल्या बूटला नवा आयडी बनवतं. तसंच एसएसएचच्या, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायच्या सेवेच्या, होस्ट किल्ल्या (मशीनची ओळख पटवणाऱ्या) काढायच्या. त्या तशाच राहिल्या तर त्या इमेजवरून बनलेल्या प्रत्येक मशीनची किल्ली एकच, आणि एक मशीन हाती लागलं की बाकीच्यांचं सोंग घेता येतं. किल्ल्यांचा सारखेपणा किती महाग पडतो हे डेबियनच्या जगाने २००८ मध्ये पाहिलं आहे. किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएलमधल्या एका बदलामुळे तेव्हा प्रत्येक प्रकारच्या किल्लीचे जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले होते आणि जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

अभियंत्याने किल्ल्या काढल्या, इमेज बनवली, चालू केली. मशीन सुरू झालं, पिंगला उत्तर देत होतं, पण आत जाता येईना. कन्सोलवर पाहिलं तर एसएसएच सेवाच बंद; होस्ट किल्ली नाही म्हणून बाहेर पडतोय, असं लॉगमध्ये. रेड हॅटच्या घराण्यात सेवा सुरू होण्याआधी नसलेल्या किल्ल्या बनवणारं युनिट, म्हणजे सिस्टमडीने चालवायची छोटी सेवा, असतं. डेबियनमध्ये किल्ल्या पॅकेज बसवतानाच बनतात, नंतर कोणी बनवत नाही.

मेंटेनर म्हणाला, क्लाउड-इनिट हा मशीनची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्रॅम बसवा, ते पहिल्या बूटला किल्ल्या बनवतं, बाकीच्या टेम्प्लेटमध्येही तेच आहे. अभियंत्याने बसवलं. किल्ल्या तरीही नाहीत. पॅकहाऊसच्या मशीनला क्लाउड-इनिटला हवा असतो तसा माहितीचा स्रोत कुठलाच नव्हता, ना मेटाडेटा सेवा, ना सीआयडेटा नावाची सीडी. स्रोत सापडला नाही की क्लाउड-इनिट स्वतःला बंद करून घेतं. ते त्याच्या रचनेनुसार बरोबरच आहे.

मग त्याने एक छोटं सिस्टमडी युनिट लिहिलं. एसएसएच सेवेच्या आधी चालायचं आणि एसएसएच-कीजेनला ‘ए’ हा पर्याय देऊन हाक मारायची. त्याने ज्या प्रकारची किल्ली नाही तेवढीच बनते, असलेल्या किल्लीला धक्का लागत नाही. मेंटेनरची शंका रास्त होती: दोन ठिकाणी किल्ल्या बनणार असतील तर गोंधळ नाही का होणार? यावर अभियंत्याने वाद न घालता दोन्ही शक्यता चालवून बघितल्या आणि लॉग जोडले. स्रोत असेल तेव्हा क्लाउड-इनिट आधीच्या किल्ल्या काढून आपल्या बनवतं, तेही एसएसएच सुरू होण्याआधी. त्यामुळे युनिट आधी चाललं तरी चालतं आणि नंतर चाललं तर त्याला काम उरत नाही. स्रोत नसेल तेव्हा फक्त युनिट किल्ल्या बनवतं. दोन्ही ठिकाणी शेवटी एकच संच उरतो. मेंटेनरने दुसऱ्या दिवशी ते मान्य केलं.

हा अभियंता इंग्रजीत लिहायला बिचकायचा. त्याचा संदेश चार ओळींचा होता, खाली लॉग. मी पाहिलेल्या पुल रिक्वेस्टमधलं हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे.

मधेच आलेलं ९ नोव्हेंबर

दिवाळीमुळे काम थोडं थांबलं होतं. ते पुन्हा सुरू करेपर्यंत ९ नोव्हेंबर २०२४ ला डेबियन १२.८ आलं आणि टेम्प्लेट बनेनासं झालं. त्यात १२.७ च्या आयएसओची लिंक होती, ‘करंट’ फोल्डरमधली. नवी आवृत्ती आली की त्या फोल्डरमधून जुनी फाइल जाते आणि संग्रहात दाखल होते.

सोपा उपाय दिसतो तो असा की लिंक संग्रहाचीच द्यावी. पण चालू आवृत्ती संग्रहात नसते, ती जुनी झाल्यावरच तिथे जाते. दुसरा उपाय, नेहमी ताजी फाइल आणि तिचा चेकसम (फाइल तीच आहे का ते तपासण्याचा आकडा) त्याच सर्व्हरवरून उचलायचा. पॅकरला ते जमतं. टीम लीडला ते नको होतं: आज बनवलेली आणि महिन्याने बनवलेली इमेज वेगळ्या आवृत्तीची निघेल आणि बदल कधी झाला ते रेपोमध्ये दिसणार नाही. शेवटी चेकसम पक्का लिहिला आणि लिंक दोन दिल्या, आधी करंट फोल्डरची, ती चुकली तर संग्रहाची. पॅकर क्रमाने प्रयत्न करतं. फाइल तीच असल्याने चेकसम दोन्हीकडे जुळतो. नवी आवृत्ती आली तरी जुनं टेम्प्लेट बनत राहतं आणि माणसाला सवडीने बदल करता येतो.

निष्पत्ती

नोव्हेंबरअखेर टेम्प्लेट मर्ज झालं, म्हणजे प्रकल्पात घेतलं गेलं. डिसेंबरमध्ये कंपनीने त्यावर आपला थर चढवला: वेगळा व्हार विभाग, भारतीय वेळ, मराठी कीबोर्ड, काट्याचा आणि प्रिंटरचा भाग. बहुतेक पॅकहाऊसं हंगामाआधी हलली. काही राहिली, कारण मालकांनी यंदा नको म्हटलं. त्यांना हंगामापुरतं इंटरनेटपासून तोडून आतल्या जाळ्यात ठेवलं.

११ जानेवारी २०२५ ला १२.९ आलं, ऐन हंगामात. तेव्हा दोन लिंकचा निर्णय कामाला आला. नव्या अभियंत्याने आवृत्ती आणि चेकसमचा छोटा बदल प्रकल्पात पाठवला. पॅकहाऊसना हात लावायची गरज पडली नाही. टेम्प्लेटच्या देखभालीसाठी आता त्याचं नाव प्रकल्पात नोंदलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

कोड लिहिण्याआधी प्रकल्पात विचारायला हवं होतं. ‘आम्हाला डेबियन १२ हवंय, आम्ही लिहू आणि सांभाळू, चालेल का?’ एवढ्या प्रश्नाने अल्मालिनक्सवर गेलेले आठवडे बहुधा वाचले असते, आणि यूटीसी, फॉन्ट, विभाग हे मुद्दे पुल रिक्वेस्टमध्ये येण्याऐवजी आधीच मिटले असते.

चाचणी कामाच्या जागी आधी व्हायला हवी होती. लॅपटॉप आणि पॅकहाऊस यांतला फरक प्रोसेसरच्या त्या एका शब्दात होता आणि तो सप्टेंबरच्या शेवटी दिसला. जुन्या व्याख्येचं एक मशीन अंबडच्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून चालू ठेवता आलं असतं.

परवानगीचा क्रम मात्र बरोबर होता आणि तो इतरांनीही पाळावा. काम झाल्यावर मालकांकडे गेलं की नकाराची किंमत मोठी होते आणि कर्मचारी अडचणीत येतो.

एक गोष्ट अजून बाकी आहे. देखभालीला नाव एकाच माणसाचं आहे. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं तेव्हा त्यानेच नवं टेम्प्लेट पाठवलं, पण तो पंधरा दिवस रजेवर असता तर कंपनीत दुसऱ्या कोणाला ते जमलं नसतं. टीम लीडने आता दुसऱ्या एका सहकाऱ्याला बिल्ड शिकवायला घेतलं आहे, आणि पुढच्या आवृत्तीचा बदल त्याच्या नावाने जाईल असं ठरलं आहे.